सातांपैकी पाच हिरड्या

"माझ्याकडे संध्याकाळी सहापर्यंतच वेळ आहे," खुर्चीत बसायच्या आधीच डॉ. देवयानी लेले म्हणाली.

ठाण्याच्या टेंभी नाक्यावरच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत सकाळचे सव्वादहा वाजले होते. शुभदा कर्णिकने समोरचं वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं.

"सहाला काय होणार आहे?"

"माझ्या दवाखान्यातल्या एका मुलीवर पोलिसांत तक्रार होणार आहे. कृतिका. तेवीस वर्षांची आहे. तिने काही केलं की नाही, हे मला माहीत नाही. आणि माझा भागीदार थांबायला तयार नाही. एकदा नाव पोलिसांत गेलं की तिला पुढे कुठल्याच दवाखान्यात काम मिळणार नाही."

शुभदाने बावीस वर्षं एका रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात काढली होती. आता ती खाजगी चौकशीची कामं घ्यायची. तिचा सहकारी आनंद म्हात्रे निवृत्त हवालदार होता. माणूस धीराचा, फक्त निष्कर्षावर जरा लवकर पोचायचा.

"सुरुवातीपासून सांगा," शुभदा म्हणाली. "आनंदना कळेल असं."

"म्हणजे मी ढ, असंच ना ताई?" आनंदने वही उघडली.

देवयानी पहिल्यांदाच किंचित हसली. "मी हिरड्यांची डॉक्टर. डोंबिवलीत, मानपाडा रोडला दवाखाना आहे. हिरडी खराब झाली की दाताभोवतीचं हाडही झिजतं. तिथे शस्त्रक्रिया करताना आम्ही पेशंटचंच थोडं रक्त काढतो, लगेच मशीनमध्ये फिरवतो. नळीत मधोमध एक पिवळसर गोळा जमतो, साईसारखा. तो दाबून त्याचा पडदा करायचा आणि जखमेत ठेवायचा."

"का बरं?"

"रक्तातल्या प्लेटलेटमध्ये ग्रोथ फॅक्टर असतात. वाढीचे घटक. ते म्हणजे पेशींना धाडलेले निरोप समजा. इथे या, इथे नवी रक्तवाहिनी काढा, इथे धागे विणा. त्या गोळ्यातून हे निरोप हळूहळू, आठ-दहा दिवस सुटत राहतात. जखम चांगली भरते."

"आणि आता भरत नाहीत," शुभदा म्हणाली.

"चाळीसच्या वर पेशंट केले, एकाचीही तक्रार नाही. गेल्या तीन आठवड्यांत सात केले, पाच बिघडले." तिने एक कागद पुढे सरकवला. त्यावर याच महिन्यातल्या तारखा होत्या : नऊ, अकरा, चौदा, एकोणीस, वीस, तेवीस, सव्वीस. एकोणीस आणि वीस सोडून बाकी सगळ्यांवर लाल खूण. आज तीस तारीख होती.

"बिघडले म्हणजे? पू?"

"तेच तर कळत नाही. पू नाही. पाचही जणांचे नमुने तपासायला पाठवले, जंतू वाढलेच नाहीत. नुसती सूज. लालभडक हिरडी, हात लावला की रक्त. पहिले तीन दिवस सूज असायलाच हवी, ती जखमेची साफसफाई असते. पण ती ओसरायला हवी ना? ही ओसरतच नाही. मशीन तपासून घेतलं, ते ठीक आहे."

"कृतिकावर संशय कशावरून?"

"रक्त ती काढते. आणि तिचं लग्न ठरलंय सुमितशी. तो तयार ग्रोथ फॅक्टरचं जेल विकतो. माझ्याकडे तीनदा आला. मी म्हटलं, पेशंटच्या रक्तातून मिळतं ते विकत कशाला घेऊ? परवा केदारला, माझ्या भागीदाराला, कृतिकाच्या पर्समध्ये त्या जेलची दोन सॅम्पल सापडली."

आनंदने वही मिटली. "ताई, आपली पद्धत बिघडवायची म्हणजे त्याचं जेल खपणार. केस क्लोज."

"तुमची वही क्लोज झाली," शुभदा उठत म्हणाली. "आधी एखादी बिघडलेली हिरडी बघू."

*

रतनबाई शेलार ठाकुर्लीला मुलाकडे राहायच्या. देवयानी खाली गाडीतच थांबली. चौदा तारखेची ही पेशंट तिच्यावर चिडलेली होती.

"डाक्टरनं धाडलंय व्हय?" रतनबाईंनी दारातच विचारलं. डावा गाल अजून फुगलेला होता. "सोळा दिस झालं. भाकरी दुधात कुस्करून खातीय. आता तुमी काय विचारनार?"

"तोंड बघू द्याल?"

रतनबाईंनी आ केला. शुभदाने मोबाइलचा उजेड धरला. डावीकडची वरची हिरडी जांभळट लाल, चकचकीत. उजवीकडेही टाके घातल्याची खूण होती, पण तिथली हिरडी गुलाबी आणि घट्ट होती.

"दोन्हीकडे काम झालंय?"

"एकाच दिवशी. उजवीकडं नुसतं साफ करून शिवलं. डावीकडं हाड लई गेलं हुतं म्हनून त्यो पडदा ठेवला."

आनंदचं लक्ष खिडकीतल्या पत्र्याच्या डबीकडे गेलं. "आजी, ही मिश्री कोणाची?"

"सुनेची," रतनबाई पटकन म्हणाल्या.

आतून सुनेचा आवाज आला, "आई, माझं नाव कशाला?"

"बरं, माझी हाय. दोन बोटं लावती सकाळी. डाक्टरला सांगू नगा. सोडली म्हनून शपथ घेतलीय."

आनंदने शुभदाकडे विजयी मुद्रेने पाहिलं. तंबाखूने जखम भरत नाही, एवढं त्यालाही ठाऊक होतं.

"मिश्री कुठे लावता?" शुभदाने विचारलं.

"कुठं म्हंजी? समद्या दातांना. एक बाजू ठेवून कोन लावतं?"

"खरंय. त्या दिवशी खोलीत काय काय झालं, आठवतं?"

"पोरगीनं रक्त काढलं. हात हलका हाय तिचा. मग ती माझ्या उशाशी आली, मी घाबरलीवती म्हनून. पल्याड टेबलाशी ते म्हातारं बाबा. त्यांच्या हातनं नळी पडली. टपकन उडाली, घरंगळत माझ्या खुर्चीखाली. मला वाटलं, आता परत सुई. पर बाबानं वाकून उचलली, मशिनीत घातली. पोरगीचं ध्यानच नवतं तिकडं."

"परत रक्त काढावं लागलं नाही?"

"न्हाई. तेवढंच बरं झालं बघा."

जिन्यात आनंद म्हणाला, "पडलेली नळी वापरली ताई. जमिनीवरची घाण!"

"बूच बंद होतं. घाण आत जाईल कुठून? आणि जंतू तर सापडलेच नाहीत."

"मग मिश्री."

"मिश्री दोन्हीकडे फिरली. बिघडली एकच बाजू."

*

देवयानीच्या दवाखान्यावर तिच्या वडिलांच्या नावाची पाटी होती. तळमजल्याला रक्त तपासणीची लॅब, वर दवाखाना. आत भिंतीवर जुना फोटो होता : खुर्चीत डॉक्टर लेले आणि शेजारी, गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या पांढऱ्या शर्टात, एक तरुण मदतनीस.

डॉ. केदार बेंद्रेने तक्रारीचा अर्ज छापून तयारच ठेवला होता.

"यात शोधायचं काय आहे?" तो म्हणाला. "सातांतले दोन नीट झाले, एकोणीस आणि वीसचे. दोन्ही माझे पेशंट. माझ्या पेशंटला हात लावायची हिंमत झाली नाही तिची. मी समोर असतो ना."

"तुमच्या दवाखान्यात नळी आणि मशीन कोण हाताळतं?"

"रक्त कृतिका काढते. नळ्या स्टँडमध्ये लावणं, मशीन चालवणं, गोळा वाटीत काढून देणं, हे सखारामकाका. आम्ही डॉक्टर फक्त वाटी बघतो. काका देवयानीच्या बाबांच्या वेळचे आहेत, म्हणून चाललंय. मागच्या महिन्यात दोनदा नळ्यांचा स्टँड पाडला त्यांनी. सगळीकडे काचा. मी स्पष्ट सांगितलं, आता एक जरी फुटली तरी घरी बसा. त्यानंतर बघा, एक नळी फुटलेली नाही. धाक लागतो माणसाला."

"नोंदवही बघू?"

वही त्याने नाइलाजानेच दिली. आठ तारखेपर्यंत गोल, वळणदार अक्षर, शेवटच्या पानांवर जरा वेडंवाकडं झालेलं. नऊपासून वेगळं, तिरकं, घाईचं. एकोणीस आणि वीसच्या नावांपुढे केदारचा 'के' होता. सव्वीसच्या नावापुढेही 'के' होता.

शुभदाने ते वाचलं आणि वही परत दिली.

कृतिका डोळे पुसून आली होती, पण आवाज ताठ होता.

"सॅम्पल सुमितने दिलेली, मॅडमना दाखव म्हणून. मी दाखवली नाहीत, कारण मॅडम नाही म्हणणार हे मला माहीत होतं. पर्समध्ये पडून राहिली. एवढाच माझा गुन्हा."

"अगं, मग आधी का नाही बोललीस?" आनंद म्हणाला.

"कोणी विचारलं? केदार सरांनी डायरेक्ट पर्स उलटी केली टेबलावर."

"नोंदवही तू लिहितेस?" शुभदाने विचारलं.

"याच महिन्यात, नऊ तारखेपासून. काका म्हणाले, चष्म्याचा नंबर वाढलाय, तू लिही."

"नळ्यांमध्ये काही वेगळं जाणवलं?"

कृतिकाने विचार केला. "नाही. लाल बूच, नेहमीसारखंच. फक्त... हल्ली ग्लोव्हज चिकटतात नळीला. बाहेरून. मला वाटलं, सॅनिटायझर असेल. काकांना बोललेले, तर म्हणाले, पुसून देतो."

सखारामकाका चहा घेऊन आले. सत्तरीकडे झुकलेले, ताठ, केस नीट विंचरलेले. अंगात मात्र नातवाचा वाटावा असा निळा टी-शर्ट. ट्रे त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. कप अर्धेच भरलेले होते.

"काका, कटिंग देताय की काय?" आनंद म्हणाला.

"साखर कमी खावी माणसाने," काका म्हणाले. आनंदने पुढे केलेलं कार्ड त्यांनी घेतलं नाही, टेबलावर ठेवायला लावलं आणि उभ्यानेच वाचलं. "आनंद म्हात्रे, खाजगी चौकशी. खाली बारीक अक्षरात नंबर. बरं."

"कृतिकाबद्दल काय वाटतं?" शुभदाने विचारलं.

काकांचा चेहरा ओढला गेला. "पोर सोन्यासारखी आहे. पुतण्याच्या साखरपुड्याला मी चिपळूणला गेलेलो, एकोणीस-वीस तारखेला. रक्त, मशीन, सगळं तिने एकटीने सांभाळलं. कपाटातून नळ्या काढण्यापासून. तिच्या हातून वाईट व्हायचं नाही. हे लिहून घ्या."

आनंदने लिहून घेतलं.

पाच वाजून गेले होते. शुभदाने देवयानीकडून कपाटातली एक रिकामी नळी मागून घेतली आणि म्हणाली, "मी जरा खाली जाऊन येते."

*

साडेपाचला ती परत आली, तेव्हा सगळे बाहेरच्या खोलीत बसले होते. केदारच्या हातात अर्ज होता. कृतिका दाराशी उभी होती. सखारामकाका कोपऱ्यातल्या स्टुलावर, हात मांडीखाली घेऊन.

"ताई, मला केदार डॉक्टरचा डाउट आहे," आनंद तिच्या कानाशी पुटपुटला. "यांचेच पेशंट कसे बरे झाले?"

शुभदाने पर्समधून दोन नळ्या काढल्या. दोन्ही स्वच्छ, पारदर्शक, लाल बुचाच्या. तिने दोन्ही हात पुढे केले आणि मुठी उघडल्या.

उजव्या हातातली नळी फरशीवर आपटून फुटली. डाव्या हातातली टपकन उडाली आणि घरंगळत केदारच्या बुटापाशी थांबली.

"रतनबाईंनी मला हेच सांगितलं," शुभदा म्हणाली. "नळी पडली आणि उडाली. देवयानी, तुमच्या नळ्या कशाच्या असतात?"

"काचेच्या. साध्या काचेच्या. काचेला लागलं की रक्त आपोआप गोठायला लागतं. म्हणून तर..." ती थांबली. "काच उडणार नाही."

"रतनबाईंचं रक्त प्लास्टिकच्या नळीत होतं. ही न फुटलेली नळी मी खालच्या लॅबमधून आणली, तिचं लेबल काढून. प्लास्टिकमध्ये रक्त नीट गोठत नाही, म्हणून अशा नळीच्या आतल्या बाजूला सिलिकाची बारीक भुकटी लावलेली असते. लॅबला त्याने काही बिघडत नाही, त्यांना तपासणीपुरतं वरचं पाणी हवं असतं. पण तुम्ही तो गोळाच जखमेत ठेवता. त्याच्याबरोबर भुकटीचे कण जातात."

देवयानीने तोंडावर हात ठेवला.

"आनंद, तुमच्यासाठी सांगते. जखमेत बाहेरचा कण दिसला की पांढऱ्या पेशी तो खायला येतात. जंतू असता तर पचला असता. हा पचत नाही. त्या मरतात, आणखी पेशींना बोलावतात. एकीकडे ग्रोथ फॅक्टर सांगतायत, बांधा. दुसरीकडे हाक चालूच आहे, अजून धोका आहे, लढा. म्हणून जंतूंशिवाय सूज, आणि ती ओसरत नाही. रतनबाईंची उजवी बाजू भरली, कारण तिथे पडदा ठेवलाच नव्हता."

"म्हणजे कृतिकाने नळ्या बदलल्या," केदार म्हणाला.

"तुम्ही म्हणालात, तुमच्या पेशंटला हात लावायची तिची हिंमत झाली नाही. सव्वीसचा पेशंटही तुमचाच होता, डॉक्टर. तो बिघडला. हे सांगायचं राहिलं तुमच्याकडून."

केदारने अर्जाची घडी घातली आणि पुन्हा उलगडली.

"बऱ्या झालेल्या दोघांत साम्य एकच, तारीख. एकोणीस आणि वीस. त्या दोन दिवशी कृतिका एकटी होती. तिने कपाट उघडलं, काचेच्या नळ्या काढल्या. तिला काही बिघडवायचं असतं, तर कोणी बघायला नव्हतं तेव्हाच बिघडवलं असतं. बाकीच्या पाच दिवशी तिच्या हातात आली ती आधीच स्टँडमध्ये लावलेली नळी. बाहेरून चिकट. कारण लॅबच्या नळीवर लेबल असतं. ते ओढून काढलं की गोंद मागे राहतो."

आता सगळ्यांच्या नजरा एकाच कोपऱ्याकडे वळल्या.

"पण का?" देवयानीने विचारलं. "काका माझं वाईट करतील?"

"नाही. म्हणूनच मला वेळ लागला," शुभदा म्हणाली. "मागच्या महिन्यात दोनदा स्टँड पडला. तिसऱ्यांदा एक जरी नळी फुटली असती तरी घरी बसावं लागणार होतं. मग एकाएकी एकही फुटेनाशी झाली. ज्या माणसाला कार्डावरचं बारीक अक्षर वाचता येतं, त्याला वही लिहायला चष्मा आडवा येतो. ज्याने आयुष्यभर गळ्यापर्यंत बटणं लावली, तो टी-शर्ट घालतो. कप अर्धे भरतो. कार्ड हातात घेत नाही. काका, डोळे ठीक आहेत तुमचे. हात कधीपासून कापतोय?"

सखारामकाकांनी मांडीखालून हात काढले. उजवा हात गुडघ्यावर ठेवला. तो थरथरत होता आणि त्यांनी तो लपवला नाही.

"होळीपासून," ते देवयानीकडे बघून म्हणाले. "बाळ, लाल बूच बघितलं गं मी. खालच्या पोराला म्हटलं, आमच्या नळ्या संपल्यात, थोड्या दे. सीलबंद होत्या, स्वच्छ होत्या. रक्तच तर भरायचं आहे, नळी कशाची का असेना, असं वाटलं. लेबल काढलं, कारण तू विचारशील, काचेच्या का नाहीत. मग मला सांगावं लागलं असतं."

"लोकांची तोंडं सुजत होती, काका," देवयानी म्हणाली.

"त्याच्याशी नळीचा संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही. देवाशप्पथ. परवा कृतिकाची पर्स उलटी केली, तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आपल्यामुळे तर नसेल? दोन दिवस बोलायचं म्हणतोय. शेहेचाळीस वर्षं झाली या दवाखान्यात. उद्यापासून सकाळी उठून कुठे जायचं, तेच कळत नव्हतं."

केदार खिडकीकडे बघत राहिला. बाहेर मानपाडा रोडला रिक्षांचे हॉर्न वाजत होते.

देवयानी उठली. ती काकांपाशी गेली आणि त्यांचा कापणारा हात हातात घेऊन डॉक्टरसारखा तपासू लागली. मनगट, बोटं, पुन्हा मनगट. तिचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही.

"माझ्याच दवाखान्यात रोज माझ्यासमोर," ती म्हणाली, "आणि मी फक्त वाटी बघत होते." मग सरळ उभी राहिली. "उद्या पाचही पेशंटना बोलवायचं. जखमा उघडून साफ करायच्या. प्रत्येकाला खरं सांगायचं. मी सांगणार, आणि काका, तुम्ही माझ्या शेजारी उभे राहणार. मशीनला यापुढे हात लावायचा नाही. न्यूरॉलॉजिस्टकडे परवा जायचं."

"आणि परवानंतर?" काकांनी विचारलं.

"ते त्या पाच जणांना भेटल्यावर बोलू," देवयानी म्हणाली.

काकांनी मान हलवली. त्यांना ते मान्य होतं.

सहाला दहा मिनिटं होती. "मला लिहून द्यायचंय," काका म्हणाले. "या पोरीचा यात काही हात नाही, असं. आत्ताच. नाहीतर उद्या कोणीतरी हा विषय पुन्हा काढेल."

केदारने हातातला अर्ज उलटा केला आणि कोरी बाजू टेबलावर ठेवली. आनंदने चार ओळी लिहिल्या. हवालदारकीत जबाब लिहून त्याचा हात बसलेला होता. मग त्याने त्या वाचून दाखवल्या.

सखारामकाकांनी पेन घेतलं. टोक कागदाला लागलं, उडालं, भलतीकडेच रेघ ओढली गेली. कागद सरकला.

दाराशी उभी असलेली कृतिका पुढे आली. तिने कागद दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरला.

"सावकाश करा, काका," ती म्हणाली. "मी धरलंय."